शिवेवरच्या दगडावरची गोधडी

माझं अक्षर चांगलं आहे, असं मराठी शाळेपासून सगळे म्हणत आले. मास्तर माझी पाटी वर्गभर फिरवायचे. गावात लग्न निघालं की पत्रिकेचा मसुदा माझ्याकडे यायचा. स्वातंत्र्यानंतर आमच्या गावाला पंचायत मिळाली तेव्हा चिटणीस म्हणून माझं नाव पुढे आलं, तेही या अक्षरावरच. दुसरी काही लायकी माझ्यात होती असं मला वाटत नाही. ठरावाची वही मी नऊ वर्षं लिहिली. त्या वहीत एक पान असं आहे की ते कुणीतरी फाडून टाकावं, असं मला आजही वाटतं. मीच फाडलं असतं, पण तेवढी हिंमत कधी झाली नाही.

गाव वसईहून अर्नाळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर. समुद्राच्या अंगाला आमच्या वाड्या: केळी, पानवेली आणि प्रत्येक वाडीत गोड्या पाण्याचं बावखल, म्हणजे खोदलेलं छोटं तळं. खाडीच्या अंगाला भातखाचरं आणि मिठागरं. मधे बाजार, आणि बाजारात एक जुना तबेला. घोडे कधीच गेले होते. त्याच्या पडवीत आठ बिऱ्हाडं राहायची. राहायची म्हणजे झोपायची. कुणी मिठागरावर पाट्या उचलायला आलेले, कुणी कामणकडून लाकडाच्या गाड्यांबरोबर उतरलेले. काम संपल्यावर परत जायला ज्यांना घरच नव्हतं असे. आमच्या केळ्यांच्या गाड्या तेच भरायचे. त्यांना घर नाही हे सगळ्यांना दिसत होतं, पण त्याचं काही करायचं असतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या तर नाहीच.

एका वर्षी होळीनंतर देवीची साथ आली. आधी खाडीकडच्या गावांत, मग बाजारात दोघंतिघं. लगेच तालुक्याहून हुकूम आला. उघड्यावर, पडवीत, बाजारात कुणी झोपता कामा नये. अशा लोकांना पंचायतीने निवारा द्यावा आणि पावसाळ्याआधी जागा देऊन कायमचं वसवावं. हुकूम कागदावर फार छान दिसत होता. मी तो बैठकीत वाचून दाखवला, तेव्हा सगळ्या पंचांनी माना डोलावल्या. जागा कुठे द्यायची, हे विचारल्यावर माना थांबल्या. प्रत्येकाचं म्हणणं एकच: घरं जरूर द्यावीत, पण आमच्या कुंपणाला लागून नकोत. दोन तास घसा कोरडा केल्यावर गावाच्या शिवेवरचं गुरचरण ठरलं. तिथे एक उंबर होता, त्याखाली एक सपाट दगड, आणि पुढे नुसतं खाडीचं वारं.

मी कामाला लागलो, हे मात्र खरं. बांबू मिळवले, नारळाचे झाप विणून घेतले, आठ दिवसांत लांबलचक मांडव उभा केला. मांडवाच्या मागे आठ झोपड्यांची जोती आखून दिली. दोरी धरायला मी स्वतः वाकलो होतो. बिऱ्हाडं तिथे आली तेव्हा एक बाई एका जोत्यात जाऊन मधोमध उभी राहिली आणि तिने विचारलं, “भाऊ, ह्यो आमचा?”

“तुमचाच. आठवा नंबर,” मी म्हटलं.

ती ओळखीची होती. आमच्या वाडीत केळीची सुकलेली पानं ओढायला यायची. नवरा दोन वर्षांमागे मिठागरावर ताप येऊन गेला होता. तिला एक मुलगी होती, सहा-सात वर्षांची, माझ्या मुलीएवढीच. ती बाई रोज संध्याकाळी आपलं जोतं झाडायची. वर छप्पर नाही, भिंत नाही, नुसती मातीची चौकट, आणि ही ती झाडतेय. मला हसू यायचं. मी सरपंचांना सांगितलं तेव्हा तेही पोट धरून हसले.

लोक द्यायला तयार होते, जवळ जायला नव्हते. त्यावर मी एक युक्ती काढली. ज्याला जे द्यायचं असेल त्याने ते उंबराखालच्या दगडावर ठेवून परत फिरावं. मांडवातल्यांनी नंतर येऊन उचलावं. कुणाचा कुणाला स्पर्श नाही. गावात दवंडी पिटवली आणि मांडवात मी स्वतः जाऊन सांगितलं, “दगडावर जे ठेवलेलं असेल ते तुमचं. बिनधास्त उचला.” सरपंच म्हणाले, “चिटणीस, डोकं आहे बरं का तुम्हाला.” मी ते दोन दिवस चघळत होतो. रोज तांदूळ, भोपळे, जुनी लुगडी त्या दगडावर येऊन पडायची आणि उचलली जायची.

आता माझ्या घरचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय सुटका नाही.

देवी काढणारा डॉक्टर गावात आला तेव्हा घरांची यादी माझ्या हातात होती. टोचण्याला आम्ही ‘देवी काढणं’ म्हणायचो. आधी वाड्या, मग बाजार, शेवटी मांडव, असा क्रम मी लावला. आमच्या घरी आईने मुलीला पानवेलीत लपवलं. देवीला टोचून चिडवू नये, असं तिचं ठाम मत होतं, आणि आईशी वाद घालून हरण्यात माझी उभी हयात गेली आहे. डॉक्टर अंगणात उभा. मी यादीत मुलीच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि म्हटलं, “हिचं झालंय, मामाकडे.” तो पुढे गेला. मांडवापर्यंत पोचेतो लस संपली. तिथली चार मुलं राहिली. पुन्हा लस आली की येतो, असं सांगून तो निघून गेला.

पंधरा दिवसांत माझ्याच मुलीच्या अंगावर देवी आल्या.

नियम मीच चावडीवर लावला होता, माझ्याच सुंदर अक्षरात: घरात रोगी असल्यास त्याच दिवशी पंचायतीस कळवावे, रोग्यास वेगळ्या झोपडीत हलवावे. मी कळवलं नाही. मुलीला मागच्या खोलीत ठेवलं आणि ती मामाकडे गेली असं सगळ्यांना सांगितलं. मुलीला झोपडीत एकटी कशी ठेवायची, हे कारण होतंच, ते खोटं नव्हतं. पण त्याच्या मागे दुसरं होतं. चिटणिसाच्या घरी रोग, चिटणिसाची यादी खोटी, हे गावभर झालं असतं. आमच्या घरची पानं व्यापाऱ्याने घेतली नसती. सरपंचांनी ‘डोकं आहे’ म्हटलेलं परत घेतलं असतं. मला या तिन्हींची भीती वाटत होती, आणि त्यातली सगळ्यात मोठी कुठली, ते मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही.

आईने घरात देवीचे सगळे नेम सुरू केले. दाराशी कडुनिंब, पण आतल्या बाजूने. फोडणी बंद. तळण बंद. घरात देवी असताना पुरुषाने दाढी करायची नसते. आता माझी पंचाईत झाली. दाढी वाढली तर गाव दोन दिवसांत ओळखणार. मी न्हाव्याकडे जाऊन गुळगुळीत होऊन आलो. आईने माझ्याशी चार दिवस बोलणं टाकलं. मुलगी तापात बरळायची आणि मी गुळगुळीत गालांनी बैठकीत बसून साथ आटोक्यात आहे, असं लिहायचो.

मुलगी वाचली. खपल्या पडल्या, कडुनिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातलं. नाकाच्या शेंड्यावर आणि भुवईजवळ चार वण राहिले, एवढंच. मी त्या दिवशी पंचायतीत निघून गेलो, सायकलवर गाणं गुणगुणत.

दुपारी जेवायला आलो तर आई ओटीवर बसलेली, चेहरा शांत. “बोळवण केली,” म्हणाली. म्हणजे देवीला निरोप दिला. आमच्याकडे देवी घरातून जाताना तिला रिकाम्या हाताने वाटेला लावत नाहीत. दहीभात, नारळ, खण, हिरव्या बांगड्या आणि रोग्याचं अंथरूण, हे सगळं वाजतगाजत नेऊन ठेवतात. आईने ते भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, एकटीने नेलं होतं.

“कुठे ठेवलंस?” मी विचारलं.

“शिवेवर. दुसरीकडे कुठे ठेवतात? उंबराखालच्या दगडावर.”

माझा हात ताटातच राहिला. तो दगड बोळवणीचा होता. माझी आजी तिथेच ठेवायची, सगळं गाव तिथेच ठेवायचं. लहानपणी आम्ही त्या बाजूला फिरकायचोही नाही. पुष्कळ वर्षं साथ नव्हती, आणि मी, शिकलेला माणूस, तो दगड सपाट आहे एवढंच पाहिलं होतं. ज्या दगडावर गाव आपला रोग सोडून यायचं, त्याच दगडावरून मी लोकांना अन्न आणि पांघरूण उचलायला शिकवलं होतं. गावातल्या म्हाताऱ्यांना ते कळलं कसं नाही, असा राग मला आधी आला. राग दुसऱ्यावर काढायची मला सवय आहे.

न जेवता सायकल काढली. दगडावर नारळाची शेंडी आणि दह्याला लागलेल्या मुंग्या, बाकी काही नाही. मांडवापाशी आठव्या नंबरच्या जोत्यात ती बाई बसली होती. मुलगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजलेली. मुलीच्या अंगावर आमची गोधडी. माझ्या बायकोने शिवलेली. कोपऱ्यात लाल खणाचा त्रिकोणी तुकडा, बायकोच्या डोहाळजेवणातल्या चोळीचा.

मला पाहून बाई उठायला लागली.

“बसा, बसा,” मी म्हटलं.

“भाऊ, बगा किती चांगली गोदडी हाय. येकबी भोक नाय. पोरीनं सोडलीच नाय आंगावरून.”

एवढंच म्हणायचं होतं: ती काढा, जाळून टाका, ती माझ्या घरची आहे. दहा शब्दसुद्धा होत नाहीत. बाकी बिऱ्हाडं आसपास होती. कोणीतरी विचारलं असतं, का? मी हँडल धरून उभा राहिलो. मग म्हणालो, “जपून वापरा.” काय बोललो मी! जपून वापरा. आणि सायकल वळवली. वाटेत स्वतःला समजावत होतो की खपल्या पडून गेल्यावर काही होत नाही, उन्हात वाळली असेल, सगळ्यांनाच थोडी लागण होते. घरी येऊन उरलेलं जेवलो. जेवण गोड लागलं नाही, पण जेवलो.

तेराव्या दिवशी त्या मुलीला ताप भरला. मग फोड उठले, माझ्या मुलीपेक्षा कितीतरी जास्त. पापण्यांच्या आतसुद्धा.

डॉक्टर आला, सरपंच आले, दोन पंच आले. मी वही घेऊन हजर. सगळे मांडवापासून दहा पावलं लांब उभे. डॉक्टर म्हणाला, इथे महिनाभर बाहेरचं कोणी आलेलं नाही, मग रोग आला कुठून? नवा कपडा, नवं अंथरूण काही? बाईने गोधडी आणून पुढे ठेवली.

“दगडावरून उचलेली.”

“कोणी ठेवली होती?” सरपंचांनी विचारलं.

तिने कोपऱ्यातला लाल तुकडा वर करून दाखवला. मग माझ्याकडे पाहून, अगदी आपुलकीने, म्हणाली, “भाऊंच्या घरची हाय ना? वाडीत पानं वढायला जाताना कुंपनावर वालत घातलेली मी पायली व्हती. ह्यो लाल तुकडा माज्या ध्यानात हाय. मना वाटला, भाऊंनी आपल्या घरची दिली पोरीला.”

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला वाटत होतं, ती माझं कौतुक करतेय. मांडवातल्या सगळ्यांना तिने ते आधीच सांगितलेलं असणार: चिटणीस भाऊंनी घरातलं पांघरूण दिलं.

मी म्हणालो, “आमची नाही.” आणि कोणी विचारलं नसताना पुढे जोडलं, “आमच्या घरी कोणी आजारी नाही. मुलगी मामाकडे आहे.”

मुलगी मामाकडे आहे, असं सांगायचं काहीच कारण नव्हतं. बाईने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, असं मला वाटतं. कदाचित पापणी लवेपर्यंतच असेल. मग मान खाली घातली.

“नसंल,” ती म्हणाली. “लाल तुकडा काय, कोनाकडंबी असतो. माजीच नजर चुकली.”

ती एकदाच जरी म्हणाली असती, नाही, तुमचीच आहे, तर मी कबूल झालो असतो, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. म्हणजे त्याचाही दोष तिच्याच माथी.

पुढचं भराभर झालं. बाई कुठून तरी घाणेरडी गोधडी उचलून आणते आणि वर प्रतिष्ठित घराचं नाव घेते, हे सरपंचांना खपलं नाही. बाकीच्या सात बिऱ्हाडांना धोका नको, असं पंच म्हणाले. मुलीला वेगळ्या झोपडीत हलवायचं आणि बरी झाली की दोघींनी गाव सोडायचं, असं ठरलं. आणि मग ते पान. मी ते उभ्याने, सायकलच्या सीटवर वही ठेवून लिहिलं. शब्द मला पाठ आहेत: ‘सदर बाईने संसर्गदूषित वस्त्र कोठून तरी उचलून आणून निवाऱ्यात रोगाचा फैलाव केला, सबब आठव्या क्रमांकाची जागा रद्द करण्यात येत आहे.’ सरपंच ‘असं काहीतरी लिहा’ एवढंच म्हणाले होते. ‘सबब’ माझा. ‘संसर्गदूषित’ही माझा. अक्षर नेहमीसारखं, एकही खाडाखोड नाही.

डॉक्टरने गोधडीवर रॉकेल ओतून ती जाळली. संध्याकाळी बायकोच्या कानावर सगळं आलंच होतं. ती चुलीपाशी पाठ करून बसली होती. “आमची नाही म्हणालात?” तिने विचारलं. “माझ्या हातची शिवण सगळी आळी ओळखते,” ती म्हणाली, “एक तुम्हीच तेवढे विसरलात.” त्यावर आई म्हणाली की देवीच्या गोष्टीत बोलू नये. बायको त्यानंतर बोलली नाही, आणि तिने घरात पुन्हा गोधडीही शिवली नाही. आम्ही बाजारातून चादरी आणायला लागलो. माझी मुलगी मात्र कितीतरी दिवस विचारायची, माझी गोधडी कुठंय? देवी घेऊन गेली, असं आई तिला सांगायची.

ती बाई कधी गेली ते मला माहीत नाही. वेगळ्या झोपडीकडे मी एकदाही गेलो नाही. तांदूळ पाठवत होतो दुसऱ्याच्या हाती, माझं नाव न सांगता. पावसाळ्याआधी सात झोपड्या उभ्या राहिल्या. तालुक्याहून साहेब आले, बेघरांना वसवणारी पंचायत म्हणून आमचं कौतुक केलं, आणि मला पुढे बोलावून पाठीवर थाप मारली. सात बिऱ्हाडांना खरोखर घरं मिळाली, त्यांची नातवंडं आज तिथे आहेत, हे मी नाकारत नाही. पण रांगेच्या शेवटी आठवं जोतं तसंच राहिलं. पंचायतीने त्यात रस्त्याची खडी टाकायला सुरुवात केली. मला रोज त्याच रस्त्याने जावं लागायचं. तिथे आलो की मी खाडीकडे तोंड करायचो. लोकांना वाटायचं, भाऊंना खाडीचं वारं आवडतं.

सात-आठ वर्षं गेली असतील. लग्नाचं निमंत्रण द्यायला अर्नाळ्याला गेलो होतो. किनाऱ्यावर मासळी वाळत घातलेली, बायका ती उलटीपालटी करत होत्या. त्यांतली एक उठून माझ्याकडे आली. मी ओळखलं आणि पाय पळायला लागले होते, पण वाळूत कुठे पळणार! तिच्या पदराला धरून एक तरणी मुलगी उभी होती. तोंडभर वण. एक डोळा मिटलेला, दुसऱ्यात पांढरं फूल पडलेलं. माणसाचा आवाज आला की ती मान कलती करत होती, आणि तिची बोटं हातातल्या बोंबलाची शेपटी चाचपत होती.

“भाऊ, बरे हाव ना?” बाई म्हणाली. तीच आपुलकी. एका कोळ्याच्या दारात पडवीला राहतो, काम मिळतं, पोर बसल्या जागी मासळी निवडते, असं सगळं तिने मी न विचारता सांगितलं. मी हो-हो करत होतो. खिशात हात घातला, पण काय काढून काय देणार, म्हणून तसाच बाहेर काढला. निघतो म्हणालो.

“भाऊ,” तिने मागून हाक मारली. “येक इचारू? तवा पासनं मनात हाय.”

मी थांबलो. वळलो नाही.

“तुमची पोर वाचली ना तवा?”

मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. गावात कुणालाच सांगितलं नव्हतं; मुलीचे वणही मामाकडचे म्हणून खपवले होते. त्या दिवशी दहा पावलांवरून माझ्या तोंडाकडे पाहताना तिला सगळं समजलं होतं, आणि ‘माजीच नजर चुकली’ ती त्यानंतर म्हणाली होती.

“हो,” मी म्हटलं.

“बरा झाला,” ती म्हणाली, आणि मुलीचा हात धरून परत मासळीकडे गेली.